हाँगकाँगमध्ये चायनीज मेडिसिनची प्रश्नावली बनवताना : पेशंटला विचारायचं काय आणि कसं

मी हाँगकाँगला पीएचडीत नक्की काय केलं हे घरच्यांना अजून कळलेलं नाही. आईचं म्हणणं, प्रश्नावली म्हणजे वीस-पंचवीस प्रश्न, एका रविवारी लिहून होतील. मामा म्हणतो, आयुर्वेदाची डॉक्टर चिन्यांकडे जाऊन काय शिकली? दोघांना उत्तरं देऊन दमले, आणि गेल्या वर्षभरात बीएएमएस झालेल्या चार-पाच जणांनीही याच कामाबद्दल फोन करून विचारलं, म्हणून म्हटलं एकदा सगळं सलग लिहूनच काढावं.

आधी काम काय ते. पेशंटला कसं वाटतंय हे पेशंटनेच सांगायचं, मध्ये डॉक्टरने अर्थ लावायचा नाही, अशा मोजमापाला पेशंट रिपोर्टेड आउटकम म्हणतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) २००९ च्या डिसेंबरमध्ये याची मार्गदर्शक सूचना काढली, आणि अशी प्रश्नावली औषधाच्या ट्रायलमध्ये वापरायची तर ती कशी बनवलेली असली पाहिजे हे तिथे लिहिलंय. चायनीज मेडिसिनमध्ये अडचण अशी की तिथे नुसत्या रोगाच्या नावावर औषध ठरत नाही. अपचन दोघांना, पण एकाची प्लीहेची ‘छी’ (शरीर चालवणारी शक्ती म्हणा) कमी पडलेली, दुसऱ्याच्या यकृताची अडकलेली, म्हणून काढे वेगळे. या अवस्थेला ते ‘जंग’ म्हणतात. (त्यांची प्लीहा म्हणजे फासळ्यांखालचा तो अवयव नव्हे, पचनाचं सगळं खातं तिच्याकडे. आयुर्वेदवाल्यांना अग्नी आठवेल, पण तंतोतंत जुळवायला जाऊ नका.) मला मिळालेला विषय होता हाच, प्लीहेची छी कमी पडलेल्या पेशंटसाठी प्रश्नावली.

ऑगस्ट २०२२ च्या शेवटी पोचले तेव्हा हाँगकाँगमध्ये हॉटेल क्वारंटाइन चालू होतं, तीन रात्री स्वखर्चाने. महिन्याभरात, २६ सप्टेंबरला, ते रद्दच झालं. असो. खोलीचं भाडं ऐकून आई फोनवर थोडा वेळ गप्प होती, एवढंच सांगते. स्टायपेंड हातात पडेपर्यंत पुरतील इतके पैसे आधीच जवळ ठेवा, बँक खातं उघडायलाच वेळ जातो.

पहिली टर्म वाचण्यात गेली. या क्षेत्रात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार म्हणजे बीजिंगच्या प्राध्यापक वांग छी यांची प्रकृतीची प्रश्नावली. ६० प्रश्न, ९ प्रकृती, आणि २००९ साली तिच्यावर आधारलेलं मानक तिथल्या चायनीज मेडिसिन संघटनेने जाहीर केलं. हाँगकाँगसाठी तिचं कँटनीज, म्हणजे तिथल्या बोलीतलं, रूपही झालंय. मला आधी वाटलं की यातले प्लीहेशी संबंधित प्रश्न उचलले की निम्मं काम झालं. पण ती प्रश्नावली विचारते गेल्या वर्षभराबद्दल, कारण तिला माणसाची घडण शोधायचीय. आम्हाला पाहिजे होतं औषध सुरू केल्यावर चार आठवड्यांत काय बदललं ते. वर्षभराची सरासरी विचारली तर औषध लागू पडलं तरी आकडा हलणार नाही. म्हणून आठवणीचा काळ आधी ठरवा, आम्ही ‘गेले ७ दिवस’ धरले आणि तिथून पुढचं सगळं बदललं.

दुसरी गोष्ट त्या ६० प्रश्नांत दिसली ती जोडप्रश्नांची. पोट, पाठ किंवा कंबर-गुडघे यांना थंडी वाजते का, असा एक प्रश्न आहे. शौचाला चिकट होते आणि पूर्ण झाली नाही असं वाटतं का, असा आणखी एक. पेशंटचं गुडघ्याला हो आणि पोटाला नाही असेल तर त्याने खूण कुठे करायची? पण त्याच प्रश्नावलीत एक झकास प्रश्नही आहे, इतरांपेक्षा थंडी सोसत नाही का, आणि पुढे कंसात उदाहरणं दिलीत, हिवाळ्यातली थंडी, उन्हाळ्यातला एसी, पंखा. हाँगकाँगच्या मॉलमध्ये जुलै महिन्यात स्वेटर घालून फिरणाऱ्या आज्या बघितल्या की तो एसी तिथे कशाला आला ते कळतं.

मग आमचे प्रश्न गोळा करायला बसलो. ‘बसलो’ म्हणजे मी आणि माझी सहकारी, ती स्वतः चायनीज मेडिसिनची डॉक्टर आणि जन्माने हाँगकाँगची. तिच्याशिवाय हे काम माझ्याकडून झालं नसतं, मला कँटनीज येत नव्हतं, संध्याकाळच्या क्लासला जाऊनसुद्धा शेवटपर्यंत बाजारापुरतंच आलं. त्यांच्याकडे विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतात असं दहा प्रश्नांचं एक जुनं पद्य आहे, मिंग काळातल्या जांग जिंगयुए यांच्या नावावर सांगतात, पहिलं विचार थंडी-ताप, दुसरा घाम, तिसरं डोकं आणि अंग, चौथं शौच-लघवी, पाचवं खाणंपिणं, असं पुढे जातं. ती ते एका दमात म्हणायची. आपल्याकडे आयुर्वेदात पेशंट तपासायची अष्टविध परीक्षा तोंडपाठ असते तसंच. ते पद्य, पाठ्यपुस्तकं, जुन्या ट्रायलमधले स्कोअर, सगळं मिळून शंभराच्या वर लक्षणं जमली.

त्यातली काही लगेच बाद करावी लागली. फिकट जीभ, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, अशक्त नाडी. डॉक्टरांच्या मते ही या अवस्थेची पक्की खूण, पण आपली नाडी अशक्त आहे हे पेशंट कसं सांगणार? जिभेचं चित्र छापून ‘तुमची जीभ यातली कुठली’ असं विचारायची कल्पना निघाली होती. घरच्या पिवळ्या दिव्यात, नुकताच कॉफी-चहा पिऊन आरशात बघितलेली जीभ. नको म्हटलं. जीभ आणि नाडीचा वेगळा कागद केला, तो डॉक्टरने भरायचा, आणि त्याचे आकडे पेशंटच्या आकड्यांत मिसळायचे नाहीत. यावर वाद बराच चालला, पण माझ्या मते या कामात तडजोड करायची नाही अशी जागा हीच, कारण एकदा डॉक्टरचं निरीक्षण आत शिरलं की ती पेशंटची प्रश्नावली राहत नाही.

नोव्हेंबरमध्ये एथिक्सचे, म्हणजे पेशंटवर संशोधन करायच्या मंजुरीचे, फॉर्म भरले. पेशंट दवाखान्यातले आणि आम्ही विद्यापीठातले, त्यामुळे दोन समित्या, आणि दोघींना आधी दुसरीचं पत्र पाहिजे. शेवटी माझ्या गाईडनी दोन्हीकडे फोन करून ‘दुसरीच्या मंजुरीच्या अधीन’ असं सशर्त पत्र मागितलं तेव्हा गाडं हललं. असं काही असेल तर पहिल्याच दिवशी सशर्त पत्राबद्दल विचारा. समितीने विचारलेले प्रश्न मात्र नेमके होते : रेकॉर्डिंग कोण ऐकणार, कधी नष्ट करणार, वाचता न येणाऱ्या पेशंटला संमतीपत्र कोण वाचून दाखवणार, आणि पेशंटला जे १०० हाँगकाँग डॉलरचं सुपरमार्केटचं कूपन देणार (तेव्हाचे साधारण हजार रुपये) ते आमिष होतं का. शेवटच्या प्रश्नावर आम्ही प्रवासखर्च आणि वेळ यांचा हिशोब मांडून उत्तर दिलं, ते चाललं.

मंजुरी आली आणि लगेच २२ जानेवारीला चिनी नववर्ष. त्या दिवसांत जुन्या वळणाचे लोक डॉक्टरकडे जायचं किंवा औषध घ्यायचं शक्यतो टाळतात, वर्षाची सुरुवात आजारपणाने नको म्हणून. आपल्याकडे पाडव्याला कोणी दवाखान्यात बसून पोटाच्या तक्रारी सांगेल का? कॅलेंडर बनवताना हे धरा. आमच्या मुलाखती फेब्रुवारीत सुरू झाल्या.

हाँगकाँगच्या अठराही जिल्ह्यांत सरकारी मदतीवर चालणारा एकेक चायनीज मेडिसिनचा दवाखाना आहे, तशा ठिकाणी पेशंट मिळतात. औषधाच्या खिडकीवर काढ्याची पानंमुळं कमी, दाणेदार पावडरीच्या पुड्या जास्त. या अवस्थेचं नेहमीचं औषध म्हणजे ‘चार सज्जनांचा काढा’, त्यात जिनसेंग आणि ज्येष्ठमधाचा भाऊबंद असतो, तो वास आला की मला कॉलेजच्या फार्मसीची आठवण यायची. पहिल्या मुलाखती सगळ्यांनी मास्क लावून झाल्या. १ मार्चला मास्कसक्ती उठली आणि मग लोक बोलताना तोंड वाकडं करतात का, लाजतात का, ते दिसायला लागलं. शौचाबद्दल कोणी लाजत नव्हतं बरं का. लाजत होतो आम्ही. एका काकांनी तर मोबाइलमध्ये फोटोच काढून आणला होता. त्यानंतर त्या प्रश्नाला आम्ही शौचाचे प्रकार दाखवणारा सात चित्रांचा ब्रिस्टल तक्ता जोडला, शब्दांची कटकट संपली.

मुलाखत सहकारी घ्यायची, मी शेजारी बसून टिपणं घ्यायचे, आणि रात्री ती मला रेकॉर्डिंग समजावून द्यायची. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला सहा-सात तास जातात, आणि कँटनीज लोक बोलतात एक आणि लिहितात दुसरं, त्यामुळे उतरवणारा माणूस तिथलाच लागतो. बजेटमध्ये हा खर्च सगळ्यात आधी धरा. आम्ही छपाई आणि कूपनांचा आधी धरला होता, पण उतरवण्याचं बिल त्याहून मोठं निघालं.

या कामातला सगळ्यात मोलाचा प्रश्न मात्र पुस्तकातून आलाच नाही. सत्तरीच्या पुढची एक आजी होती, दवाखान्यात तिला सगळे पो-पो म्हणायचे. दोन डॉक्टरांनी तपासून तिला ठळक प्लीहा-छी कमतरता सांगितलेली, चेहरा फिकट, आवाज बारीक. आम्ही विचारलं, जेवल्यावर पोट फुगतं का? नाही. जड वाटतं? नाही. भूक? ठीक. म्हणजे आमच्या कागदावर बाई ठणठणीत. सहकारीने सहज विचारलं, काल काय काय खाल्लं? तर म्हणाली, सकाळी जूक (म्हणजे आपली पेज), दुपारी जूक, संध्याकाळी अर्धी वाटी नूडल सूप. भात? भात नाही खात, भाताने पोट फुगतं. तेलकट? ते तर वर्षानुवर्षं बंद. नातवाच्या वाढदिवसाच्या जेवणाला गेली होती तेव्हाही घरून डब्यात जूक नेलं होतं, आणि हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, अगदी सहज सांगत होती.

मग आधीच्या मुलाखती परत काढल्या तर तेच. लोक त्रास होऊ नये म्हणून आयुष्य आवरून घेतात आणि मग त्रास नाही असं प्रामाणिकपणे सांगतात. ग्रंथात लक्षण लिहिलेलं असतं, पण लक्षण टाळायला पेशंट काय काय करतो ते लिहिलेलं नसतं. तिथून नवा प्रश्न तयार झाला : ‘गेल्या ७ दिवसांत पोटाला त्रास होईल म्हणून तुम्ही कमी किंवा फक्त हलकं खाल्लं, असं किती दिवस झालं?’ पुढे आकडेवारीतही हा प्रश्न टिकला आणि चांगला चालला.

वसंत ऋतूत डॉक्टरांचा डेल्फी घेतला. म्हणजे तज्ज्ञांना यादी पाठवायची, प्रत्येक प्रश्न किती महत्त्वाचा ते आकड्यात सांगायचं, सगळ्यांची उत्तरं एकत्र करून परत पाठवायची, एकमेकांची नावं कळू द्यायची नाहीत. नावं न कळण्याचा फायदा चिनी समाजात फार, नाहीतर ज्येष्ठांनी एक म्हटलं की बाकीचे मान डोलावतात. (आपल्याकडे वेगळं काय होतं म्हणा.) ईमेलला उत्तरं येत नव्हती, मेसेजवर आठवण केल्यावर आली. दोन फेऱ्यांच्या मध्ये किमान महिना ठेवा.

डॉक्टरांचा एका प्रश्नावर हट्ट होता. पाठ्यपुस्तकात या अवस्थेचं एक लक्षण आहे, बोलायचा कंटाळा. तो तसाच घातला आणि मग पेशंटबरोबर एकेक प्रश्न तपासायला बसलो, म्हणजे पेशंटने प्रश्न वाचायचा आणि मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलायचं. बोलायचा कंटाळा येतो का? एक आजी : ‘सुनेशी बोलायचा येतो.’ एक टॅक्सीवाले काका : ‘मी बोलतच नाही फारसा, स्वभाव आहे.’ तिसऱ्या बाईंनी विचारलं, हे मानसिक आजाराचं आहे का? डॉक्टरांना ही उत्तरं जशीच्या तशी दाखवली, तेव्हा सगळे हसले आणि प्रश्न बदलून ‘अंगात त्राण नसल्यामुळे बोलणं नकोसं झालं का’ असा झाला. तज्ज्ञांशी वाद घालायचा असेल तर स्वतःचं मत सांगू नका, पेशंटचं वाक्य वाचून दाखवा, फार लवकर मिटतं. प्रश्नावल्यांचा दर्जा तपासायचे कॉस्मिन नावाचे जे निकष आहेत त्यांत प्रत्येक प्रश्न निदान सात पेशंटकडून असा तपासून घ्यावा असं आहे, आम्ही त्याहून जास्त घेतले, कारण तरुण आणि म्हातारे यांची समज फारच वेगळी निघत होती.

उत्तरांच्या पर्यायांचाही घोळ होता. अजिबात नाही ते खूपच अशा पाच पायऱ्या दिल्या तर वयस्कर लोक ‘छा-म्-दो’ म्हणजे ‘असंच आपलं’ म्हणून सरळ मधल्या चौकटीत खूण करायचे. ‘किती दिवस’ विचारल्यावर ते बोटं मोजायला लागले. अक्षर १६ पॉइंटचं केलं, एका पानावर सहाच प्रश्न. कागद वाढला, पण चष्मा विसरलेल्या पेशंटला ते वाचता यायला लागलं.

मोठी पाहणी, म्हणजे तयार प्रश्नावली पुष्कळ पेशंटकडून भरून घेणं, सप्टेंबर २०२३ ला सुरू करायची होती. १ तारखेला साओला वादळाचा दहा नंबरचा, म्हणजे सगळ्यात वरचा, धोक्याचा सिग्नल, सगळं बंद. सावरतोय तोवर ७ तारखेच्या रात्री असा पाऊस की तासाला १५८.१ मिलिमीटर, १८८४ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात जास्त. दिलेल्या अपॉइंटमेंटी सगळ्या परत घ्याव्या लागल्या, आणि तब्येतीच्या प्रश्नावलीला वादळाच्या आठवड्याची उत्तरं चालत नाहीत, माणूस झोपलेलाच नसतो. म्हणून महिनाभर पुढे ढकललं.

या टप्प्यावर खरी अडचण म्हणजे पडताळायचं कशाशी? ब्लड टेस्ट नाही. डॉक्टरचं निदान हाच कस, पण डॉक्टरांचं एकमेकांशी जमतं का? अमेरिकेत बाल्टिमोरला संधिवाताच्या पेशंटवर २००४-०५ च्या सुमारास असे अभ्यास झाले, तीन चायनीज मेडिसिनवाल्यांनी तेच पेशंट तपासले आणि निदान जुळलं जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून आम्ही आधी निदानाचे निकष लिहून काढले, दोन डॉक्टरांना एकत्र बसवून सराव करून घेतला, आणि मगच वेगवेगळं तपासायला लावलं. दोघांचं जुळलं ते पेशंट एका गटात, न जुळलेले वेगळे ठेवले, फेकले नाहीत. सोबत तुलनेला ईक्यू-५डी ही एकूण तब्येतीची सर्वसाधारण प्रश्नावली दिली. शैक्षणिक कामाला ती फुकट आहे, पण नोंदणी करून परवानगी घ्यावीच लागते, आणि दुसऱ्या काही प्रश्नावल्यांना चांगलेच पैसे पडतात, ते आधी बघा.

दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली परत भरून घ्यायची असते, उत्तरं स्थिर राहतात का बघायला. पण पेशंट तर औषध घेतोय, तब्येत बदलणारच! त्यामुळे फोन करून आधी एकच विचारायचं, तेव्हापेक्षा बरं, वाईट की तसंच, आणि ‘तसंच’ म्हणणाऱ्यांचेच आकडे स्थिरतेसाठी धरायचे. हे फोन दुपारी तीननंतर करा, बाराला केले तर आज्या रागावतात.

विश्लेषणाबद्दल थोडक्यात. क्रोनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.७० च्या वर पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ०.९५ च्या वर गेला की आनंद करायचा नसतो, एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारलाय असा त्याचा अर्थ होऊ शकतो. फॅक्टर अ‍ॅनालिसिसमध्ये (कुठले प्रश्न एका गटात जातात ते शोधायचं गणित) आमचे प्रश्न एका प्लीहेखाली जमलेच नाहीत, थकवा एकीकडे आणि पोट एकीकडे अशी दोन टोळकी झाली. सहकारी नाराज, ग्रंथात दोन्ही एकच आहे ना. मला वाटतं ग्रंथाचं खरं-खोटं करणं हे या गणिताचं काम नाही. आम्ही दोन वेगळे स्कोअर दिले, एकूण बेरीज देण्याचा मोह टाळला. परीक्षकांनी व्हायव्हाला यावरच सगळ्यात जास्त वेळ घेतला. शंभराच्या वर प्रश्नांतले शेवटी विसाच्या आत उरले.

आता आपल्याकडचं. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीच्या २६ व्या प्रकरणात चिनी परंपरेच्या या अवस्थांना कोड आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत आयुर्वेद, सिद्ध, युनानीचं मोड्यूलही जाहीर झालं. कोड आले म्हणजे उद्या ट्रायल येणार, आणि मग अग्निमांद्याचा (पचन मंदावलेला) पेशंट बरा झाला हे कशावरून, असं कोणीतरी विचारणारच. फोन करणाऱ्यांतल्या एका मैत्रिणीने चरकातली लक्षणं घेऊन गूगल फॉर्म बनवून पाठवला. मी तिला म्हटलं, फॉर्म ठेव बाजूला, आधी तुझ्या ओपीडीतल्या दहा पेशंटना काल काय खाल्लं आणि काय मुद्दाम टाळलं ते विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आण. नाशिकची बाई ‘पोटात गुबारा धरतो’ म्हणेल, कोल्हापूरचे काका वेगळंच काहीतरी म्हणतील. आमच्या प्रश्नावलीचं मराठी भाषांतर मागणाऱ्यांनाही हेच सांगते, भाषांतराला परवानगी मिळेल, पण जूकच्या जागी पेज घालून ती आयुर्वेदाची होत नाही.

आमचंही काम पुरं झालेलं नाही. औषधाने फरक पडला तर आकडा किती हलतो, आणि किती हलला म्हणजे पेशंटला खरंच जाणवतो, हे आता नवीन विद्यार्थिनी बघतेय. तिला फायली दिल्या तेव्हा प्रत्येक प्रश्नाची वहीही दिली, म्हणजे प्रश्न कुठून आला, किती वेळा बदलला, कोणाच्या कुठल्या वाक्यामुळे बदलला. ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा, परीक्षक आणि जर्नल दोघं मागतात आणि नंतर आठवून लिहिता येत नाही. आणि एथिक्सच्या फॉर्ममध्ये रेकॉर्डिंग नष्ट करायची जी तारीख लिहिलेली असते ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, समिती अहवाल मागते तेव्हा ती तारीख विचारतेच.